आंबिलीचा वास आणि सातबारा

वेळ अमावस्येच्या आदल्या रात्री अणदूर, नळदुर्ग, उमरगा, औसा, निलंगा या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात पाय ठेवला की एकच वास येतो. आंबिलीचा. ज्वारीचं पीठ ताकात शिजवायचं, लसूण-जिरं वाटून घालायचं, मडक्यात भरून ठेवायचं. रात्रभरात ते आंबतं आणि पहाटे घरभर तो आंबूस वास भरून राहतो. त्यात चिंचेच्या कोळाचा, लसणाच्या फोडणीचा, भाजलेल्या तिळाचा वास मिसळतो. लहानपणी हा वास ज्याच्या नाकात बसला तो माणूस पुढं पुण्याला जावो की मुंबईला, या दिवसांत त्याला तिथं करमत नाही. लातूर-धाराशिवकडं येणाऱ्या एसट्या भरून येतात. जिल्ह्याला स्थानिक सुट्टी मिळते. त्या दिवशी गावं ओस आणि शिवारं भरलेली असतात. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत लेख येतात: मातीचा गंध, गावाकडची येळवस, आईच्या हातची भज्जी.

मला या लेखांविषयीच बोलायचं आहे. वाचायला ते गोड असतात, मीही आवडीनं वाचते. पण ते बहुतेक पुरुषांनी लिहिलेले असतात आणि त्यांतली आई कायम चुलीपुढं पाठमोरी बसलेली असते. तिला कसला वास येत होता, हे कुणी लिहीत नाही. आणि ज्या मातीच्या गंधाचं एवढं कौतुक, ती माती कागदावर कुणाच्या नावावर आहे, हेही कुणी लिहीत नाही.

जिथं हा सण नाही तिथल्या मैत्रिणींसाठी थोडं सांगते. मार्गशीर्ष अमावस्या, म्हणजे डिसेंबरचा उत्तरार्ध किंवा जानेवारीचा पहिला पंधरवडा. कर्नाटकात हिला एळ्ळ अमावस्या म्हणतात. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. आमच्याकडं या दिवशी तिळाच्या पोळ्या का होतात, ते यावरून कळतं. कानडी मुलूख आम्हाला जवळ. तिकडून येताना नाव 'येळवस' झालं असावं आणि शिकलेल्यांनी त्याची 'वेळ अमावस्या' केली असावी. रब्बीची ज्वारी तेव्हा अंगाबरोबर वाढलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, तूर शेंगांनी लगडलेली असते. शेतात कडब्याची कोप उभी करतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, त्यांना पांडव म्हणतात. पूजा होते, आंबील पिकावर शिंपडतात, मग पंगती बसतात. संध्याकाळी कडब्याचा पेटता हेंडगा घेऊन पिकाभोवती फिरतात. या सणाला भटजी लागत नाही, देऊळ लागत नाही. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारून जेवायला बसवायची रीत आहे. मला हा सण आवडतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको.

आता कामाचं बघू. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. तुरीचे, वाटाण्याचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, शेंगदाणे, हाताला येतील त्या पालेभाज्या, चिंचेचा कोळ, ताक, आणि त्याला बेसन लावून शिजवलेली दाट मिसळभाजी. नुसते दाणे सोलायला दोन दिवस जातात. नखं काळी पडतात. शिवाय उंडे उकडायचे, खिरीचा गहू ओला करून कांडायचा, तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या पोळ्या, भाकरी. वीस-पंचवीस माणसांचं हे रांधणं. पहाटे दोन-तीनला चुली पेटतात, कारण ऊन चढायच्या आत सगळं शेतात पोचलं पाहिजे. टोपल्या डोक्यावर, लेकरू कडेवर. पुरुष कोप बांधतात, दगड रंगवतात, हेंडगा फिरवतात. ते काम नाही असं मी म्हणत नाही. पण जेवणं उरकल्यावर भांड्यांचा ढीग घेऊन विहिरीवर कोण बसतं, ते आपण सगळ्या जाणतो.

२०१९ साली सरकारनं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषाची ९७. ही झाली साध्या दिवसांची. सणाच्या दिवसाचा हिशेब कुणी वेगळा मांडलेला नाही, पण आमच्या बायकांनी बोटांवर मोजून सांगितला: आदल्या दुपारपासून दुसऱ्या रात्रीपर्यंत झोप तीन तास.

मी गावोगावच्या गटांच्या बैठकांत एक प्रश्न विचारत असते. सणाचा कुठला वास आठवतो? हा प्रश्न विचारला की सगळ्या बोलतात, एरवी कोपऱ्यात गप्प बसणारीसुद्धा. कुणी नव्या कडब्याच्या कोपीचा वास सांगते, कुणी चंपाषष्ठीला निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचा, कुणी आईच्या लुगड्याला येणारा धुराचा. एका मुस्लिम मैत्रिणीनं ईदच्या शीरखुर्म्यात तुपावर परतलेल्या खारकेचा वास असा काही सांगितला की सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. पण एक गोष्ट ध्यानात आली. पन्नाशीच्या, नातवंडं झालेल्या बाया. तीस-पस्तीस वर्षं सासरी त्याच आंबिलीची मडकी भरलेल्या. तरी वास सांगतात तो माहेरच्या चुलीचा. मी म्हटलं, सासरच्या येळवशीचा वास नाही का येत? एकजण म्हणाली, 'सासरी वास घ्यायला येळ कुठं असतो, ताई?' सगळ्या हसल्या.

या उत्तरात बरंच काही आहे. वास आठवायचा तर नाक मोकळं लागतं, आणि ते मोकळेपण बाईला आयुष्यात एकदाच मिळतं, लग्नाआधी. म्हणून सणाची आठवण म्हणजे माहेरची आठवण. ती तिच्यापाशी आयुष्यभर राहते, आणि तिच्यापाशी आहे हे तिच्या भावाला पक्कं ठाऊक असतं.

आता तुमच्यापुढं एक प्रसंग ठेवते. बाईचं नाव-गाव देत नाही. वय पन्नासच्या आसपास, नववी शिकलेली, गटाचा हिशेब तीच लिहिते. वडील वारले तेव्हा दोन भाऊ, तीन बहिणी आणि आई मागं राहिली. चार वर्षं माहेरचं बोलावणं नव्हतं, काहीतरी लग्नातल्या मानपानावरून बिनसलेलं. मग एका वेळ अमावस्येला धाकटा भाऊ स्वतः गाडी घेऊन न्यायला आला. ती हरखून गेली. शेतात जेवली, आईच्या हातची आंबील प्याली, हेंडग्याच्या उजेडात भाच्यांबरोबर शेताला फेरी मारली. दोन दिवसांनी भाऊ म्हणाला, 'अक्का, तालुक्याला जाऊन येऊ, एक सही हाय.' दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र तयार होतं. बाकीच्या दोघी बहिणी आधीच येऊन बसलेल्या. तिघींनी सह्या केल्या. येताना प्रत्येकीला साडी आणि ओटीत नारळ.

मी विचारलं, कागद वाचला होता का? 'वाचला की. मला वाचता येतंय.' मग सही का केली? 'न्हाई म्हणले असते तर फुडल्या येळवशीला कोण बोलावलं असतं?'

समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला जनजागृती हा शब्द फार पढवला गेला. बाईला हक्क माहीत नसतात, ते सांगितले की ती उभी राहील, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. या बाईला सगळं माहीत होतं. कायद्याची माहिती तिला आमच्याच शिबिरात मिळालेली होती. अडाणीपणातून तिनं सही केली नाही, हिशेब करून केली. उद्या नवरा वारला, पोरानं हाकललं, अंगावर काही बेतलं, तर दार ठोठवायला एकच घर आहे. ते घर राखायचं तर जमीन सोडायची. विम्याचा हप्ता भरावा तसा तिनं तो वाटा भरला.

मला विचाराल तर हिशेबात खोट इथं आहे, की हप्ता भरला तरी विमा मिळत नाही. मारहाणीच्या प्रकरणांत आम्ही माहेरच्यांना बोलावतो तेव्हा दहापैकी सात-आठ वेळा ऐकायला येतं, 'लेकीनं नांदावं.' चार दिवस ठेवून घेतात आणि पाचव्या दिवशी घालवून येतात. हक्कसोड केलेल्या बहिणीला आणि न केलेल्या बहिणीला यात फार फरक पडल्याचं मी पाहिलेलं नाही. आणि एक आहे. माहेरी परतलेली बाई उपकारावर राहते की हक्कानं, हे सातबारावर नाव आहे की नाही यावरच ठरतं. नाव असेल तर ती पाहुणी नसते.

कायदा काय म्हणतो ते एकदा स्पष्ट लिहिते, कारण बैठकांत अर्धवट ऐकलेलं फार फिरतं. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगा, मुलगी, बायको आणि आई यांना सारखा वाटा दिला. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मात्र जन्मानं हक्क मुलग्यांनाच राहिला. महाराष्ट्रानं १९९४ साली दुरुस्ती करून तो मुलींना दिला, पण २२ जून १९९४च्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे आमच्या गटांतल्या आजच्या पन्नाशीपुढच्या बहुतेकजणी बाहेर राहिल्या. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ला लागू झाली, तिच्यात लग्नाची ही अट नाही. पण त्या तारखेला बाप हयात असायला हवा होता का, हा घोळ उरला. तो ११ ऑगस्ट २०२०ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात मिटवला: मुलीचा हक्क जन्मानं आहे, त्या दिवशी बाप हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४च्या आधी झालेली विक्री किंवा नोंदणीकृत वाटणी मात्र यानं मोडत नाही. बौद्ध, जैन आणि शीख बहिणींनाही हाच कायदा लागू. मुस्लिम बहिणींचा वारसा वेगळ्या नियमांनी चालतो, मुलाच्या निम्मा वाटा मुलीला. पण तो वाटा भावाला सोडून देण्याची भीड तिथंही हीच.

म्हणजे १९५६ पासून कायदा एकेक पाऊल बाईच्या दिशेनं आला. मग अडलं कुठं? हक्कसोडपत्रावर. ते 'स्वखुशीनं' लिहून दिलेलं असतं. एकदा नोंदणी झाली की फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध केल्याशिवाय ते रद्द होत नाही, आणि साडीची भीड ही कोर्टात जबरदस्ती ठरत नाही. मुद्रांक शुल्कही नाममात्र. बाईच्या नावावर काही करायचं तर दहा फेऱ्या, तिच्या नावावरचं सोडवून घ्यायचं तर अर्ध्या दिवसाचं काम. २०१५-१६च्या कृषी गणनेप्रमाणं देशात शेतीच्या शंभर खातेदारांमागं बाया सुमारे चौदा. राबणाऱ्यांत मात्र त्या शंभरात किती, हे कुठल्याही बांधावर उभं राहून मोजावं.

अणदुरात राहणाऱ्याला इथं एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. आमचा खंडोबा वर्षातले सव्वादहा महिने अणदुरात राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपुरात. मूर्ती एकच, देवळं दोन. दोन गावांमध्ये तसा करार आहे. ठरलेल्या दिवशी देव वाजतगाजत निघतो, पौष पौर्णिमेची यात्रा मैलारपुरात होते, आणि मग देव परत येतो. दोन्ही गावं म्हणतात देव आमचा, आणि दोन्ही खरं बोलतात. दोन घरं बाईलाही असतात. पण तिच्या बाबतीत माहेर म्हणतं ती परक्याची, सासर म्हणतं ती परक्या घरची आलेली. एक गटातली आजी म्हणाली, 'देवाचं बरंय, त्याचा कागद हाय.'

भावाला खलनायक करून हा प्रश्न सुटत नाही, हेही लिहिलं पाहिजे. आमच्या भागात चार-पाच एकर कोरडवाहू म्हणजे बरा शेतकरी. सोयाबीनचा भाव पडलेला, पाऊस एकतर नाही किंवा काढणीला कोसळतो. अशा जमिनीचे पाच तुकडे केले तर कुणाच्याच हाती काही लागत नाही, असं भाऊ म्हणतो, आणि ते खोटं नाही. त्याची दुसरी तक्रार तर अगदी व्यवहारी आहे: सातबारावर बहिणींची नावं राहिली की पीककर्जाला, विहिरीच्या अर्जाला सगळ्यांच्या सह्या लागतात, एक बहीण सुरतेला, एक हैदराबादला. यावर उत्तर शोधावं लागेल. पण जमीन एवढी थोडी आहे म्हणून वाटणी नको, या म्हणण्यात दोन भावांमध्ये वाटणी झाली तर मात्र कुणाला तुकडे दिसत नाहीत. तुकडे फक्त बहिणीच्या वाट्यानं होतात, हे कोणतं गणित?

आणि भावजयीचं काय? माहेरच्या आठवणींनी डोळे ओले करणाऱ्या आपण सगळ्याजणी हे विसरतो. माझं माहेर म्हणजे तिचं सासर. मी येळवशीला माहेरी जाऊन जी भज्जी खाते, तिचे दाणे दोन दिवस तिनं सोललेले असतात. आई थकल्यावर आईच्या हातची चव म्हणजे भावजयीच्या हातची चव, फक्त नाव आईचं. मी हक्क सोडला तो तिच्यासाठी सोडला असं मला वाटतं, पण सातबारावर तिचंही नाव लागत नाही. वाटा भावाकडं जातो आणि नणंद-भावजय एकमेकींकडं वाकड्या नजरेनं बघत बसतात. या दोघी एका बाजूला आल्या तर काय होईल, याचा विचार संघटनांनी फारसा केलेला नाही.

एकदा केला होता. शेतकरी संघटनेनं नोव्हेंबर १९८६मध्ये चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन घेतलं आणि पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली: नवऱ्यानं आपल्या हयातीत जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये शंभरावर बायकांच्या नावे जमीन झाली. नंतर सरकारनंही याच नावानं योजना काढली: सातबारावर नवऱ्याच्या जोडीनं बायकोचं नाव. ती अजून कागदावर आहे. आमच्या गटांत तिचं नाव ऐकलेल्या बायका मी एका हाताच्या बोटांवर मोजते. लक्ष्मीमुक्तीत नवऱ्याचा मोठेपणा होता, बाईचा हक्क कमी होता, ही टीका तेव्हाही झाली आणि मला ती पटते. तरी आज एखादा पक्ष किंवा संघटना तेवढंही करायला निघालेली दिसत नाही.

जिचा नवरा गेला तिची गोष्ट आणखी वेगळी. शेतकरी आत्महत्यांच्या यादीत धाराशिव जिल्ह्याचं नाव वर्षानुवर्षं आहे. महिला किसान अधिकार मंचानं २०१८ साली मराठवाडा आणि विदर्भातल्या अशा ५०५ बायकांशी बोलून पाहणी केली, तेव्हा सुमारे चाळीस टक्के बायकांना त्या कसत असलेल्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. येळवशीला ही बाई रांधते, टोपली नेते, पण पांडवांच्या पूजेला पुढं होत नाही. पूजा दीर करतो. दोन-चार आठवड्यांत संक्रांत येते. हळदीकुंकवाच्या घरात गुलाबपाणी शिंपडतात, अत्तर लावतात, गजरे देतात, आणि तो वास रस्त्यापर्यंत येतो. तिला तो रस्त्यावरूनच घ्यायचा असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२मध्ये विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागानं सगळ्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं. आमच्याकडं काही गावांनी ठराव केले, फोटो निघाले. ठरावानंतरची संक्रांत बघायला मात्र कुणी येत नाही. एक गाव मी जवळून बघते. तिथं गटाच्या बायकांनी सगळ्यांना तिळगुळाला बोलावलं, हळदीकुंकू हा शब्दच काढून टाकला. पहिल्या वर्षी तिघी आल्या, दुसऱ्या वर्षी अकरा. अत्तराचा फाया हातावर घेताना त्यांतल्या एकीचा हात थरथरत होता. तिला विचारलं तर म्हणाली, थंडी वाजतेय.

शेतच नाही त्यांचं काय, हा प्रश्न मला दलित वस्तीतल्या मैत्रिणींनी विचारला आणि तो बरोबर आहे. दुसऱ्याच्या शेतात मिळालेलं ताट हे दुसऱ्याचंच असतं, आणि ते कुठं बसून खायचं हेही पूर्वी दुसराच ठरवी. मराठवाड्यात गायरानावर लढून जमिनी कसल्या गेल्या. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा सरकारी निर्णय झाला. तिथं काही ठिकाणी पट्ट्यावर बायकांची नावं लागली. त्या शेतातल्या येळवशीचा तोरा मी पाहिला आहे, तो पाटलाच्या शेतात नसतो. दुसरीकडं ऊसतोडीला गेलेल्या बाया. दसऱ्यानंतर गेल्या की उन्हाळ्यात परततात. येळवशीला त्या कारखान्याच्या फडात असतात. त्यांच्या राहायच्या झोपडीलाही कोपच म्हणतात. आपण ज्या कोपीत एक दिवस हौसेनं जेवतो, तसल्या कोपीत त्यांचं अर्धं वर्ष जातं. त्यांच्या मुलींना पुढं या दिवसांचा कुठला वास आठवेल? उसाच्या पाचटाचा आणि मळीचा. आणि भंडाऱ्याचा वास आपल्याला मंगल वाटतो, पण खंडोबाला मुरळी म्हणून सोडलेल्या बाईला तो काय आठवून देत असेल? १९३४चा कायदा झाला, २००५चा झाला, प्रथा आता उघड नाही. पण यात्रेत उभं राहून नीट बघितलं तर म्हाताऱ्या मुरळ्या अजून दिसतात.

आपल्या चळवळीत सणांविषयी दोन टोकं मी पाहत आले. एक म्हणतं, सण म्हणजे बाईच्या कष्टावरची चैन, सोडून द्या. दुसरं म्हणतं, सण हे बायकांचं भेटण्याचं ठिकाण, ते आपलं करून घ्या. मला पहिलं म्हणणं तर्कानं पटतं आणि बैठकीत बसल्यावर पटेनासं होतं. वासाच्या आठवणीनं ज्या बाईचा चेहरा उजळतो, तिच्याकडून तो वासही काढून घ्यायचा का? जमीन तर आधीच काढून घेतलेली आहे. पण दुसऱ्या म्हणण्यातही सोयीस्करपणा शिरतो. नऊवारी नेसून चुलीवरच्या भाकरीचे फोटो काढणं म्हणजे परंपरा आपली करणं नव्हे. आजकाल शहरात येळवशीच्या जेवणाची पाकिटं मिळतात, हुरडा पार्ट्या होतात. तिथंही चुलीपुढं गावाकडून रोजावर आणलेली बाईच असते. रोज मिळतो, एवढा फरक. तो लहान नाही हे खरं.

मला तिसरं काही सुचवायचं आहे. नाव ठेवणं आणि जमीन तोडून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही फोड आम्ही बैठकांत करायला लागल्यापासून बोलणं बदललं. बहिणीचं नाव सातबारावर राहू द्या. जमीन भावानं कसावी. कर्जापुरतं, विहिरीपुरतं बहिणीनं लेखी संमतीपत्र द्यावं, गरज पडली तर मर्यादित कुलमुखत्यारपत्र. सुगीला ठरेल तेवढी पोतीभर ज्वारी तिला यावी. उद्या तिच्यावर वेळ आली तर ती तिच्या जमिनीवर येईल, कुणाच्या दारात नाही. यात भावाचं पोट तुटत नाही. तुटतो तो त्याचा एकट्याचा मालक असल्याचा मान, आणि त्याबद्दल मला फार हळहळ वाटत नाही.

काही साधी कामं. येळवशीच्या आधीच्या बैठकीत प्रत्येकीनं माहेरचा आणि सासरचा सातबारा काढून आणावा. आता तो मोबाइलवर दिसतो, गटात एखादीची मुलगी हे करू शकते. बापाच्या मृत्यूनंतर वारसनोंद झाली का, त्यात बहिणींची नावं आली का, ते बघावं. फेरफाराची नोटीस आली तर हरकतीला पंधरा दिवस असतात, ती नोटीस चुलीत घालू नये. सणाला आलेल्या बहिणीनं त्याच मुक्कामात कुठल्याही कागदावर सही करायची नाही, हा नियम गटानं करावा. 'गटानं बंदी घातलीय' असं म्हणायला तिला सोपं जातं, नकाराचं ओझं तिच्या एकटीवर येत नाही. आणि दाणे सोलायला यंदा पुरुषांना बसवावं. कोप बांधायला जे हात चालतात, ते तुरीच्या शेंगांनाही चालतील.

एक प्रश्न नेहमी येतो: आणि भावानं बोलावणं बंद केलं तर? बंद करतात. आमच्या ओळखीच्या तिघींनी गेल्या दोन वर्षांत सही करायला नकार दिला. एकीच्या भावानं संबंध तोडले. ती यंदा शेजारणीच्या शेतात येळवस जेवली आणि घरी येऊन रडली, हे लपवण्यात अर्थ नाही. दुसरीच्या भावानं वर्षभर तोंड फिरवलं, मग पीकविम्यासाठी तिची संमती लागली तेव्हा आला. बोलताना जरा अवघडला, पण येताना भावजयीनं दिलेला भज्जीचा डबा घेऊन आला. आता दोघी नणंदा-भावजया फोनवर बोलतात आणि भावजय विचारते की तिचं नाव लावायला काय काय कागद लागतात. तिसरीनं वारसनोंदीवर हरकत घेतली आहे. ते प्रकरण मंडळ अधिकाऱ्यांकडं आहे, दोन तारखा झाल्या, निकाल अजून आलेला नाही.